खाडा नव्हे, सुट्टी!

(१६ जून या आंतरराष्ट्रीय घरकामगार दिनानिमित्त चिंचवड येथे झालेल्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मेळाव्याच्या पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय 'सण, सुट्टी आणि सेवा' असा छापलाय. मघाशी चहाच्या वेळी एक मावशी मला म्हणाल्या, "ताई, सण आम्हाला ठाऊक आहे, सेवा तर जन्मापासून करतोय. ते मधलं काय असतं तेवढं सांगा." तेव्हा मी मधल्यापासूनच सुरुवात करते.

आपल्या या पट्ट्यात, पिंपरी-भोसरीपासून चाकणपर्यंत, बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. पोरांच्या शाळेला रविवारी. वाकड, पिंपळे सौदागर, मोशीकडच्या ज्या सोसायट्यांमध्ये आपण कामाला जातो, तिथले कितीतरी लोक शनिवार-रविवार दोन्ही दिवस घरी. आता बाईचा हिशोब मांडा. गुरुवारी नवरा घरी, म्हणजे त्याचं सावकाश उठणं, गरम खाणं, त्याचे मित्र. शनिवारी-रविवारी मालकीणबाईंकडे सगळी घरात, म्हणजे भांडी दुप्पट, पोळ्या जास्त. रविवारी पुन्हा आपली पोरं घरी. एका आठवड्यात बाईच्या अवतीभवती तीन-तीन सुट्ट्या येतात आणि त्यातली एकही तिची नसते. उलट दुसऱ्याची सुट्टी म्हणजे तिचं काम वाढलं!

तिच्या तोंडी शब्दसुद्धा वेगळा आहे. नवरा म्हणतो 'सुट्टी', पोरगं म्हणतं 'सुट्टी', आणि बाई म्हणते 'खाडा'. या दोन शब्दांत केवढं अंतर आहे बघा. सुट्टी मिळते, खाडा 'केला' जातो, गुन्हा करतात तसा. सुट्टीचा पगार मिळतो, खाड्याचा कापला जातो. सुट्टी आधीपासून ठरलेली असते. खाडा अंगात ताप भरल्यावर, पोरगं आजारी पडल्यावर, गावाकडून मयताचा निरोप आल्यावर होतो. आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं राहून त्याचा जबाब द्यावा लागतो.

सुट्टी ही काही आभाळातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची बाजू लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या सभेत दोन कामगार बायका उठून बोलल्या होत्या. त्यांची नावं इतिहासानं जपली नाहीत, ते नेहमीचंच. पण १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याची सुट्टी देशभरातल्या कारखान्यांना लागू केली. आपल्या घरातल्या पुरुषाचा गुरुवार त्याच झाडाची फांदी आहे.

तो कायदा कारखान्याच्या फाटकातून आत गेला, पण घराच्या उंबऱ्यापाशी थांबला. घर म्हणजे कामाची जागा नव्हे, आणि घरकाम म्हणजे काम नव्हे, असंच समाजानं धरलं. कारण ते बाईनं फुकट करायचं असतं. मालकीणबाई स्वतः करते तेव्हा ते 'कर्तव्य' असतं, आपण करतो तेव्हा ती 'मदत' असते. 'कामाला मदत म्हणून बाई ठेवलीय', हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय.

यावर पहिला ठोसा आपल्या शेजारच्या पुण्यातच बसला. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. पगारवाढ द्या आणि आजारपणातल्या रजेचे पैसे कापू नका, ही त्यांची मागणी. म्हणजे खाड्याची सुट्टी करा, हेच त्या सांगत होत्या. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. ज्या बायकांनी तेव्हा रस्त्यावर पाऊल ठेवलं त्या आज आजी-पणजी झाल्या असतील. त्यांची मागणी मात्र अजून तरुण आहे.

आता हे सगळं आज पुन्हा का सांगतेय? तर आपल्या मुलींमुळे.

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांतल्या मुली जर्मन भाषा शिकायला लागल्यात. चाकणला २००९ साली जर्मन मोटारींचे कारखाने सुरू झाले, तेव्हापासून या भाषेला इकडे भाव आला. चिखलीची अशीच एक मुलगी. तिची आई चार घरी पोळ्या करते आणि एका घरी दीड वर्षाचं मूल सांभाळते. मुलीनं बी.कॉम. केलं, जर्मनची पहिली परीक्षा दिली, आणि एक दिवस आमच्या बैठकीत कागदांची चळत घेऊन आली. म्हणाली, "ताई, मला ओ पेर म्हणून जायचंय. हे वाचून आईला समजावून सांगा."

ओ पेर हा फ्रेंच शब्द. अर्थ साधारण 'बरोबरीनं'. तरुण मुलीनं परदेशातल्या एखाद्या कुटुंबात जाऊन राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, थोडं हलकं घरकाम करायचं. बदल्यात राहणं, जेवण, हातखर्च, आणि तिथली भाषा व चालीरीती शिकण्याची संधी. ती नोकर नव्हे आणि पाहुणीही नव्हे, घरातल्यांच्या बरोबरीची, अशी कल्पना. युरोपातल्या देशांनी १९६९ साली यावर एक करारही केला. अमेरिकेत हा कार्यक्रम १९८६ पासून चालतो. त्यावरचा व्हिसा नोकरीचा नसतो, 'सांस्कृतिक देवाणघेवाणी'चा असतो.

आम्ही ते कागद बैठकीत मोठ्यानं वाचले. जर्मनीचे नियम असे: वय अठरा ते सव्वीस, काम आठवड्याला जास्तीत जास्त तीस तास, दिवसाला सहा. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी. वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा. महिन्याला २८० युरो हातखर्च, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो वेगळे, आणि आजारपणाचा विमा यजमान कुटुंबानं काढायचा. अमेरिकेचे नियम जरा कडक: आठवड्याला पंचेचाळीस तासांपर्यंत काम, दिवसाला दहापर्यंत. पण तिथेही आठवड्यात दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार पूर्ण मोकळा, वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा, आणि शिक्षणासाठी पाचशे डॉलरपर्यंत खर्च यजमानांनी करायचा.

वाचून झालं तर बैठकीत शांतता. मग त्या मुलीची आई हसली. म्हणाली, "म्हंजे माझंच काम करायला ही सातासमुद्रापार जाणार. आन् तिला दीड दिवस सुट्टी लिहून देणार."

मैत्रिणींनो, या एका वाक्यात माझं आजचं निम्मं भाषण आहे. काम तेच: मूल न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं, झोपवायचं, त्याची खेळणी आवरायची. आई करते तेव्हा ती 'कामवाली', मुलगी करणार तेव्हा 'सांस्कृतिक देवाणघेवाण'. आईचं काम अडाणी समजलं जातं, मुलीच्या कामाला परीक्षा पास व्हावी लागते. आणि मुख्य फरक म्हणजे मुलीचे तास आणि सुट्टी कागदावर आहेत, आईचे नाहीत.

मग परदेशात सगळं आलबेल आहे का? नाही. तेही नीट पाहू, कारण आपल्या पोरींना आपण डोळे उघडे ठेवून पाठवायचंय.

त्या चळतीत अमेरिकेचं एक रंगीत माहितीपत्रक होतं. त्यावर सगळे सणांचे फोटो. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी हॅलोवीन, भोपळे कोरून दिवे लावलेत, मुलांनी भुताचे कपडे घातलेत. मग थँक्सगिव्हिंग, कृतज्ञतेचा सण. तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतो. बघा, तिथेही गुरुवारच! टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात आणि सगळं कुटुंब एका टेबलाला बसतं. मग नाताळ, आणि जुलैच्या चार तारखेला त्यांचा स्वातंत्र्यदिन. प्रत्येक फोटोत यजमान कुटुंबाच्या मधोमध हसणारी ओ पेर मुलगी.

फोटो खोटे असतील असं मी म्हणत नाही. चांगली माणसं सगळीकडे असतात, आणि परक्या देशातला सण बघायला कोणाला आवडणार नाही? पण मी त्या मुलीला विचारलं, नियमांच्या कागदात सणाच्या दिवशी सुट्टी कुठे लिहिलीय ते दाखव. तिनं शोध शोध शोधलं. सापडलं नाही. आठवड्याचा दीड दिवस आहे, पण तो कोणता ते घरातल्यांच्या सोयीनं ठरतं. सणाच्या दिवशी शाळा बंद, पाळणाघर बंद, घरात पाहुणे. मुलं सांभाळणाऱ्या मुलीचं काम त्या दिवशी वाढणार की कमी होणार, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? टेबलावर बसलेली मुलगी सणाला आलीय की कामावर आहे, हे फोटोवरून कळत नाही. ते तिच्या तासांच्या वहीवरून कळतं.

त्या सणाचीही दुसरी बाजू आहे. त्या भूमीचे जे मूळ रहिवासी, ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातली माणसं १९७० पासून प्लिमथ गावात त्याच गुरुवारी शोकदिन पाळतात. एकाच दिवशी एकाच्या घरी मेजवानी आणि दुसऱ्याच्या घरी सुतक. सण कुणाच्या कष्टावर, कुणाच्या नुकसानीवर उभा आहे, हे विचारायची रीत तिथेही आहे आणि आपल्याकडेही असायला हवी.

आता पैशाचा हिशोब. अमेरिकेत ओ पेरला आठवड्याला कमीत कमी १९५.७५ डॉलर द्यावेत असं ठरलंय. हा आकडा आला कुठून? तिथलं केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर, २००९ पासून तेवढंच आहे. पंचेचाळीस तासांचे झाले ३२६.२५ डॉलर. त्यातून राहण्या-जेवणाचे म्हणून शंभरातले चाळीस वजा केले. उरले १९५.७५. म्हणजे तासाला सव्वाचार डॉलरच्या किंचित वर. एकीकडे म्हणायचं तू घरातलीच आहेस, आणि दुसरीकडे ताटातल्या घासाचे पैसे कापायचे. घरातल्या माणसाच्या जेवणाचं बिल कुणी लावतं का हो?

हे त्या मुलींनाही कळलं. २०१४ साली कोलंबिया देशातून आलेल्या एका ओ पेर मुलीच्या पुढाकारानं डेन्व्हर शहरातल्या न्यायालयात दावा दाखल झाला. मुली आणणाऱ्या संस्थांनी आपसांत संगनमत करून पगार खालीच ठेवला, असं त्यांचं म्हणणं. आधी मूठभर, मग हजारो मुली त्यात आल्या. २०१९ मध्ये संस्थांनी साडेसहा कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि ती सुमारे एक लाख मुलींसाठी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या बाबतीत वरच्या न्यायालयानं निकाल दिला, की राज्याचे घरकामगारांचे कायदे ओ पेर मुलींनाही लागू आहेत. त्या राज्यात २०१४ साली घरकामगारांनी स्वतः झगडून हक्कांचा कायदा करून घेतला होता. घरकाम करणाऱ्या काळ्या आणि स्थलांतरित बायकांनी जे मिळवलं, ते 'सांस्कृतिक पाहुण्या' म्हणून आलेल्या मुलींच्या कामी आलं. मोलकरणीचा हक्क पक्का झाला तर ओ पेरचा पक्का होतो. उलटं होत नाही.

आता आपल्या सणांकडे येते. आपल्याकडे तो शब्द आहे ना, 'घरच्यासारखी'. 'आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत.' कधी ऐकू येतो हा शब्द? दिवाळीच्या आधी माळ्यावरचे डबे काढून घासायचे असतात तेव्हा. गौरी जेवायला चाळीस माणसं असतात तेव्हा. 'मावशी, तुम्ही घरच्याच, तुम्ही नाही तर कोण करणार?' आणि त्याच गौरी आपल्या घरीही आलेल्या असतात. त्यांना बाई रात्री दहाला नैवेद्य दाखवते. पगारवाढ मागितली, की ती घरची लगेच बाहेरची होते. सोसायटीच्या फाटकावर तिची पिशवी तपासतात तेव्हा ती घरची नसते. चहाचा कप वेगळा ठेवतात तेव्हाही नसते. त्या वेगळ्या कपात जात आहे, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. कुणाला स्वयंपाकाला घेतात आणि कुणाला फक्त संडास-फरशीला, हे आडनाव विचारून ठरवणारी घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

'घरच्यासारखी' या शब्दातलं 'सारखी' महत्त्वाचं आहे. घरचीला वाटा असतो, घरच्यासारखीला उरलंसुरलं असतं. आणि खरं सांगू? जी खरोखर घरची आहे, त्या मालकीणबाईंना तरी सुट्टी कुठे आहे? पाडव्याला ओवाळणी मिळते, पण स्वयंपाकघरातून सुटका नाही. तिचं ओझं पुरुषानं उचलायचं ऐवजी ते आपल्या डोक्यावर येतं, म्हणून दोन बाया एकमेकींशी खाड्यावरून भांडतात आणि घरातला पुरुष पेपर वाचत बसतो. आपलं भांडण त्या बाईशी असलं तरी मूळ दुखणं श्रमविभागणीचं आहे, हे विसरायचं नाही. या सभागृहात बसलेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींपैकीही कित्येकींच्या घरी आज कुणीतरी बाई भांडी घासून गेली असेल, म्हणून आपण वेळेवर इथे पोचलो. तिची सुट्टी ठरलेली आहे का, हा प्रश्न मोर्चाच्या आधी घरी विचारायचा आहे.

आता तिसरा शब्द, सेवा. त्या माहितीपत्रकात आणखी एक पान होतं, समाजसेवेचं. ओ पेर मुली गरजूंसाठी धान्याचे डबे भरतायत, बागेतला कचरा उचलतायत. जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाची सुट्टी असते. १९८३ साली त्याचा कायदा झाला, १९८६ पासून ती पाळली जाऊ लागली, आणि १९९४ पासून तो दिवस सेवेचा दिवस म्हणून जाहीर झाला. चांगली गोष्ट आहे. आपणही ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या नावानं, एप्रिलमध्ये जोतीराव आणि बाबासाहेबांच्या नावानं काही ना काही करतो.

पण किंग मारले गेले कुठे? ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरात. तिथे ते कशाला गेले होते? सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. आम्हीही माणसं आहोत, एवढंच ते कामगार मागत होते. ज्यांच्या नावानं आज हौसेनं झाडू हातात घेतात, त्यांनी प्राण दिला तो रोज झाडू मारणाऱ्यांच्या हक्कासाठी. हे पान माहितीपत्रकात नव्हतं.

सेवेला माझा विरोध नाही. २०१४ पासून कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो, तेव्हापासून आपल्या वस्त्यांत बनियनवर नाव छापलेली तरुण मुलं-मुली झाडं लावायला, भिंती रंगवायला येतात. येऊ देत. त्यातल्या कितीतरी जणी मनापासून येतात, आणि त्यांच्याशी आपण बोललंही पाहिजे. फक्त एक कसोटी लावायची. जिला 'नाही' म्हणता येतं तिनं केलं तर ती सेवा. जिला 'नाही' म्हणायची सोय नाही तिच्याकडून करून घेतलं तर ती वेठ. शनिवारची सुट्टी असलेली मुलगी वस्तीत येऊन दोन तास झाडते, ती सेवा. दिवसभर पाच घरच्या फरश्या पुसून आलेल्या बाईला 'चला मावशी, तुमचीच वस्ती आहे' म्हणून झाडू दिला, तर तो तिचा सहावा डाव झाला. ओ पेर मुलीला तिच्या मोकळ्या दिवशी कुणी म्हणालं, 'आमच्या शेजारणीचंही मूल दोन तास बघ, इथे सगळे अशीच मदत करतात', तर तेही तसंच.

आणि सरकारला तर सेवेचं फार वेड! १९७५ पासून अंगणवाडी चालवणाऱ्या बायकांना नाव दिलं 'सेविका', आणि पगाराऐवजी 'मानधन'. २००५ नंतर आशा आल्या, त्यांना तर स्वयंसेविकाच म्हटलं. नावात मान, हातात धन नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांनी पन्नास दिवसांवर संप केला, तो या शब्दांच्या जाळ्यातून बाहेर यायला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. म्हणजे न्यायालयालाही सांगावं लागलं, की ही नुसती सेवा नाही, हे काम आहे.

मग आपल्या हातात आज काय आहे? १६ जून हा दिवस आपण का पाळतो? २०११ साली याच तारखेला जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती लिहिली आहे. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण तो स्वीकारून आपल्यावर बंधनकारक काही केला नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी, बाळंतपणाची मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत, अशा गोष्टी त्यात आहेत. त्या घ्यायच्याच, नोंदणी सोडायची नाही. पण कामाचे तास, पगार, आठवड्याची सुट्टी त्या कायद्यानं ठरवली नाही. म्हणजे पडल्यावर हात द्यायची सोय झाली, पडूच नये याची नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मात्र घर ही कामाची जागा म्हणून स्पष्ट लिहिलंय, आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. हे पाठ करून ठेवा. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं, की घरकामगारांसाठी कायद्याची चौकट करण्याचा विचार करायला समिती नेमा. दार किलकिलं झालंय. ढकलायचं काम आपलं.

म्हणून माझं सांगणं दोन बाजूंनी आहे.

ज्या मुली परदेशी जाऊ पाहतात त्यांना: जा, बाई, जरूर जा! जग बघा, भाषा शिका. आयांनो, 'मी भांडी घासली ती तू हेच करावंस म्हणून का?' असं म्हणून त्यांना लाजवू नका. त्या कामात लाज नाही, ते फुकटात करून घेण्यात लाज आहे. पण पोरींनो, जाण्याआधी कराराचा कागद शब्दन्‌शब्द वाचा. तास किती, सुट्टीचा वार कोणता, सणाला काय, हे यजमानांना आधीच विचारा. विचारणाऱ्या मुलीला जे घर नाकारतं ते नाकारण्यासारखंच असतं. पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात ठेवा. रोजचे तास वहीत लिहा. आणि तिथल्या घरकामगारांच्या संघटनेचा पत्ता पहिल्या आठवड्यात शोधा. त्या तुमच्या मावश्याच आहेत.

आणि इथल्या आपल्यासाठी: संघटनेनं सुट्टीचं एक साधं कार्ड छापलंय. त्यावर तीनच ओळी आहेत. महिन्याच्या चार सुट्ट्या, वार ठरवून, पगार न कापता. गौरी-गणपती आणि दिवाळीत प्रत्येकी एक दिवस बाईच्या स्वतःच्या घरासाठी. आणि सणाचं जास्तीचं काम असेल तर जास्तीचे पैसे, आधी ठरवून. साडी-फराळ द्या, आनंदानं घेऊ, पण बोनसच्या जागी नको.

हे कार्ड एकटीनं नेऊन दिलं तर 'उद्यापासून येऊ नको' ऐकावं लागेल, हे मला माहीत आहे. कर्ज डोक्यावर असताना तो धोका छोटा नाही. म्हणून ते एकटीनं द्यायचं नाही. एका सोसायटीत कामाला जाणाऱ्या सगळ्या बाया आधी एकत्र बसतील, आणि सगळ्या एकाच दिवशी सगळ्या घरी देतील. आणि त्या बायांपैकी एकीचं काम गेलं, तर तिच्या जागी दुसरीनं जायचं नाही, एवढी एक शपथ हवी. नवी बाई मिळतेय म्हणूनच जुनीची सुट्टी खाडा ठरते. ती बाई आपणच असतो.

कार्डं पलीकडच्या टेबलावर ठेवली आहेत. जाताना सोसायटीच्या नावानं गट करून घ्या. गणपतीला अजून वेळ आहे. त्याआधी दर गुरुवारी संध्याकाळी बैठक ठेवलीय. कारण गुरुवारी घरातला पुरुष मोकळा असतो, त्या दिवशी दोन तास पोरं त्यानं सांभाळावीत. त्याची सुट्टी आपल्या उपयोगी पडायला तिथूनच सुरुवात करू.

घरकामगार एकजुटीचा विजय असो!